बेचाळिसाव्या पत्रापाशी अडलेलं जुनं वर्ष

१ डिसेंबर, शनिवार. सकाळ

मृत्युपत्राचा महिना लागला. माझं नव्हे, मी ठणठणीत आहे. जुन्या वर्षाचं. एकतीसला आळीच्या कोपऱ्यावर भुसा भरलेला बाहुला बसणार, मिशाळ बाप्ये काळे झगे चढवून त्याच्या विधवा होणार, गळे काढणार. मग बाहुला जाळायच्या आधी त्याचं मृत्युपत्र वाचणार, मेला कुणाला काय ठेवून चाललाय ते. हे मृत्युपत्र लिहिते मी. चौदा वर्षं झाली. माझा नवरा सेगुंडो गेला त्याच वर्षी सुरू केलं. लोक म्हणत होते, बिचारी डोमितिला, हिचं आता कसं व्हायचं. मी सगळ्या आळीला दोन दोन ओळींत मापून दाखवलं. तेव्हापासून बिचारी म्हणत नाहीत.

यंदाच्या पहिल्या दोन ओळी अंघोळ करताना सुचल्या:

आर्सेनिओला ठेवतो सुई, टोचून बघ रे पाव,
हवा निघून गेल्यावर मग उरल्याचा सांग भाव.

आर्सेनिओ म्हणजे बेकरीवाला. आळीच्या कमिटीचा अध्यक्षही तोच. दरवर्षी दारात येऊन सांगतो, डोन्या डोमितिला, लागा लिहायला. यंदा येणार नाही. गेल्या वर्षी "मला कुणी सांगितलंच नाही" यावरून तीन भांडणं झाली, म्हणून नोव्हेंबरात ठराव केला की कमिटीचा प्रत्येक निरोप ईमेलनेच. लेखी. बाकीच्या बायका घाबरल्या. मी नाही. माझ्याकडे घरचा कॉम्प्युटर आहे, माझ्या लेकीने, नार्सिसाने, स्पेनहून पैसे पाठवून घेऊन दिलेला. मी सहावी पास आहे आणि तीन आठवड्यांत सगळं शिकले. गेल्या शनिवारी तर चौदा वर्षांच्या चौदा बाहुल्यांचे फोटो एकाच पत्रात कोंबून नार्सिसाला पाठवले. एक प्रत स्वतःलाही टाकली. पोचलं की नाही ते कळायला नको?

दुपारी

एक्केचाळीस पत्रं आली! सगळी ठळक अक्षरांत, म्हणजे नवी.

जरा वेळाने

सगळी जुनी आहेत. गेल्या डिसेंबरपासूनची. वाचून झालेली. हरकत नाही, यंत्रालाही उजळणी करावीशी वाटत असेल. सगळी डिलीट केली. निश्चय: रोज चार ओळी लिहायच्या. कॉम्प्युटर दिवसातून एकदाच उघडायचा.

३ डिसेंबर, सोमवार

एक्केचाळीस. तीच. डिलीट केलेली बाई उठून परत दारात यावी तशी. कॉम्प्युटर सहा वेळा उघडला.

उपाय केले: बंद करून चालू. वायर काढून, पुसून परत खोचली. सेटिंगमध्ये "सर्व्हरवर प्रत ठेवा" असं एक खोकं होतं, त्यातली खूण काढली. मग वाटलं प्रत असलेली बरी, परत केली. मग काढली. आता आठवत नाही आहे की नाही. यंत्राशी असंच वागायचं असतं, त्याला आपला अंदाज येऊ द्यायचा नाही.

५ डिसेंबर, बुधवार

ब्याऐंशी. डिलीट करायचा कंटाळा केला, म्हणून दुप्पट झाली.

त्यात नार्सिसाचं पत्र, "आई, तीन दिवस ताप आहे, उठवत नाही." काळजाचं पाणी झालं. ताबडतोब इंटरनेट बंद केलं (ते चालू असलं की फोन लागत नाही) आणि स्पेनला फोन लावला. म्हणाली, "कसला ताप? अगं आई, तो फेब्रुवारीतला!" मी म्हटलं, मला माहीत आहे, नंतर उलटला तर नाही ना, ते विचारायला केला. म्हणाली, "तुझी पत्रं परत परत येतायत का? त्या दुकानवाल्या डॉन फिलिबेर्तोंना दाखव ना." दाखव म्हणे. मी काय अडाणी आहे?

ओळी: शून्य.

७ डिसेंबर, शुक्रवार

आलं! आर्सेनिओचं पत्र. ठळक अक्षरांत: "डोन्या डोमितिला, आळी वाट बघतेय. शनिवारपर्यंत लिहून द्या. तुमच्याशिवाय जुनं वर्ष मरणार नाही."

केस विंचरले, टोपी घातली, थेट बेकरीत. त्याचे हात कोपरापर्यंत पिठात. मला बघून कावराबावरा झाला. हळूच म्हणाला, "डोन्या डोमितिला, पत्र मिळालं?" म्हटलं, मिळालं की! म्हणाला, "सगळं वाचलंत? राग नाही ना आला?" म्हटलं, राग कसला, मान आहे हा. त्याचे डोळे भरले. मैद्यामुळे असेल. म्हणाला, "म्हणजे तुम्हाला मान्य आहे? यंदाचं? आणि पुढच्या वर्षापासूनचं पण?" मी म्हटलं, पुढच्या दहा वर्षांचं मान्य आहे, लेखी देऊ का? म्हणाला, "नको नको, तुमचा शब्द पुरे. मी तुमच्या मैत्रिणीला, सोइलाला, म्हटलंच होतं, डोमितिलाचं मन मोठं आहे."

मन मोठं आहेच. मृत्युपत्र लिहायला लागतंच.

वर म्हणाला, तुमचा एखादा जुना काळा घागरा आणि टोपी मिळेल का? म्हटलं, का नाही. कुठल्या तरी मिशाळ विधवेला हवा असणार, दरवर्षी कुणी ना कुणी मागतं. घरी येऊन बांधून पाठवला. चष्म्याची जुनी फ्रेमही घातली वर. म्हटलं रडताना काढून पुसायला बरी.

त्याने सहा पाव दिले फुकट. सुईची ओळ काढावी का? नाही. कला ती कला.

१० डिसेंबर, सोमवार

एकशे चौसष्ट. आज डॉन फिलिबेर्तोच्या इंटरनेटच्या दुकानात गेले. मदत मागायला नव्हे. जाता जाता. हा माणूस आयुष्यभर तारमास्तर होता. तार गेली आणि हे दुकान आलं. बसायची खुर्ची मात्र तीच.

म्हटलं, डॉन फिलिबेर्तो, माझ्या ओळखीच्या एका बाईंना असं असं होतंय. त्याने चष्म्यावरून बघितलं. "ओळखीच्या बाईंना?" म्हटलं, हो, लांबच्या. म्हणाला, "त्या लांबच्या बाईंना सांगा, एखादं अगडबंब पत्र अडकलंय. यंत्र पहिल्यापासून ओढायला लागतं, त्या पत्रापाशी आलं की दम लागतो, लाइन तुटते. तुटली की आधीचं सगळं वाया. ना पत्रं आली म्हणून नोंद होते, ना डिलीट केली म्हणून. दुसऱ्या दिवशी परत एकपासून सुरुवात. आणि त्या अगडबंबाच्या मागे नवी पत्रं रांगेत उभी. बाईंना विचारा, दरवेळी कितव्यापाशी थांबतं?"

म्हटलं, बाई म्हणत होत्या बेचाळीस.

म्हणाला, "मग बाईंना म्हणावं, इथे या, मला पासवर्ड सांगा, दोन मिनिटांत बेचाळिसावं उडवतो."

नाही सांगता येणार. पासवर्ड आहे "टकलूफिलिबेर्तो". इथेच, याच दुकानात, त्याच्या टकलाकडे बघत ठेवला होता. तेव्हा फार गंमत वाटली होती.

म्हटलं, बाईंना नको आहे मदत. त्या स्वतः करतील. तो म्हणाला, "बाई हट्टी आहेत." मी म्हटलं, तुम्हाला काय ठाऊक? म्हणाला, "त्यांच्या ओळखीच्यांवरून अंदाज येतो."

यंदा त्याच्यासाठी:

फिलिबेर्तोला कंगवा ठेवतो, घे रे त्याचा ताबा,
शेत उरलं नाही तरी नांगर जपावा बाबा.

आणि नवी पत्रं अडली तर अडू देत. मला हवं ते पत्र तर आलंय.

१३ डिसेंबर, गुरुवार

लिहून ठेवते.

चर्चच्या पायऱ्यांवर सोइला. माझ्या नार्सिसाची धर्ममाता. तीस वर्षांची माझी कोमाद्रे, लेकीच्या नात्याने जोडलेली बहीण. मांडीवर वही, आणि बोटांवर मोजतेय. एक दोन तीन चार, थांबून परत एक दोन. बोटांवर असं कोण मोजतं? हिशेब करणारी एवढी हळू मोजत नाही आणि जपमाळ ओढणारी परत मागे जात नाही. असं फक्त ओळी जुळवणारी मोजते.

मी समोर उभी राहिले तशी वही फटकन पदराखाली. विचारलं, काय मोजतेस गं कोमाद्रे? म्हणाली, "मटार." मी म्हटलं, मटार पदराखाली सोलतेस होय? हसली. आणि डोळा मारला! मला!

चौदा वर्षं मी लिहायचे, ही माझ्या स्वयंपाकघरात बसून पहिली ऐकायची. आपली म्हणून कच्च्या ओळी ऐकवल्या. अशी शिकली तर.

मी स्पष्ट म्हटलं, सोइला, तू चोर आहेस. तीस वर्षांची मैत्री भाजीच्या भावाने विकलीस. ती पोट धरून हसली. म्हणाली, "कोमाद्रे, तू असं बोलतेस ना, मला रात्री आठवून हसू येतं."

१४ डिसेंबर, शुक्रवार

आर्सेनिओचं पत्र पाचव्यांदा आलं. यावेळी तारीख बघितली. डिसेंबर, दोन हजार सहा.

गेल्या वर्षीचं. मी नवा कॉम्प्युटर घेतला म्हणून त्याने गंमत करून पाठवलेलं.

म्हणजे यंदा मला बोलावणंच नाही. मग बेकरीत "मान्य का, मान्य का" कशासाठी विचारत होता? साळसूदपणा. आधी सोइलाला काम द्यायचं आणि मग माझ्या तोंडावर मन मोठं म्हणायचं. आणि वर माझाच घागरा न्यायचा.

ते पाव मी खाल्ले. सहाही. त्याचं फार वाईट वाटतंय.

१५ डिसेंबर, शनिवार

जाऊन जाब विचारावा? मग म्हणणार, "पत्र वाचलं म्हणालात ना?" मग सांगावं लागणार की माझं यंत्र चालत नाही. साऱ्या आळीत घरी कॉम्प्युटर असलेली एकटी मी. नाही. आधी यंत्र दुरुस्त करायचं, मग ऐटीत जाब विचारायचा.

१७ डिसेंबर, सोमवार

योजना: इंटरनेट दिवसभर चालू. बेचाळिसाव्याला हवा तेवढा वेळ द्यायचा. मी समोर बसून मक्याचे दाणे सोलणार. बघू कोण आधी थकतं.

सकाळी नऊ: नऊ टक्के. दहा: अकरा टक्के. दुपारी एक: चाळीस. मी त्याच्याशी गोड बोलायलासुद्धा लागले. तीन वाजता डोंगरावर पाऊस, लाइन गेली. परत एकपासून.

१८ डिसेंबर. बावीस टक्के.

१९ डिसेंबर. एकोणसाठ! मग मांजर वायरवर बसलं.

२० डिसेंबर. सात.

एकूण चारशेच्या वर पत्रं. नार्सिसाला नऊ वेळा ताप आला.

आणि हो, चार दिवसांत एकाचाही फोन आला नाही. आता कळलं, आळीत आपलं कोण आहे ते. (इंटरनेटमुळे फोन लागत नव्हता म्हणा. पण ज्याला तळमळ आहे तो प्रयत्न करत राहतो.)

२२ डिसेंबर, शनिवार

सोइला दारात आली. मी खिडकीतूनच विचारलं, काय हवं? म्हणाली, "कोमाद्रे, फोन तर लागत नाही, निदान उत्तर तरी दे गं. अडलंय माझं." मी म्हटलं, अडलं असेल तर दाईला बोलाव. खिडकी लावून घेतली. बाहेर खिदळणं. जिना उतरेपर्यंत खिदळत होती.

मी कुणाला मनापासून शिवी दिली तरी या गावाला ती फुलाचा गजरा वाटते. दोष माझाच आहे, फार गोड बोलत आले.

२५ डिसेंबर, मंगळवार

नाताळ. पायरीवर झाकलेली थाळी. सोइलाच्या हातचे प्रिस्तिन्यो, गुळाच्या पाकातले. तळणाचा काही गुन्हा नाही म्हणून खाल्ले. आठ. पाक पातळ होता.

पाक पातळ नव्हता. पण ते मी कुठे बोलणार नाही.

२६ डिसेंबर, बुधवार

ठरलं. मी माझं वेगळं मृत्युपत्र लिहिणार आणि एकतीसला माझ्या सज्जातून वाचणार. सोइला खाली वाचेल, मी वर. बघू माना कुठे वळतात. बारा कडवी एका बैठकीत झाली, इतकी सरसर कधीच आली नव्हती.

सोइलाला काय ठेवू मी? ठेवायची काय घाई,
न ठेवलेलंही उचलून नेते अशी गुणाची बाई.

वाचून मला रडू आलं. चांगलं जमलंय म्हणून.

२८ डिसेंबर, शुक्रवार

सज्जातून ओरडणं मला शोभणार नाही. सरळ बेकरीत जायचं, सगळ्यांसमोर विचारायचं. यंत्राचं कळलं तर कळलं. गेले. गर्दी होती, तीच हवी होती.

म्हटलं, डॉन आर्सेनिओ, मला या वर्षी तुमचं एकही पत्र आलेलं नाही. मी बेकरीत येऊन हो म्हटलं ते गेल्या वर्षीच्या पत्राला. मला काही मान्य नाही. मृत्युपत्र मी लिहिणार की सोइला, आत्ताच्या आत्ता सांगा. हे बोलताना आवाज फाटला माझा. डोळ्यांत पाणी होतं. खरंखुरं.

आर्सेनिओचा चेहरा पांढराफटक. मग त्याने हळूच भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलं आणि टेबलावर थाप मारली. "अठ्ठावीस! भोळ्यांचा दिवस! डोन्या डोमितिला, फसवलं होतंत मला!" सगळी बेकरी टाळ्या पिटायला लागली. एक म्हातारा म्हणाला, "पाणीसुद्धा आणलं हो डोळ्यांत!"

आज आळीत जो तो दुसऱ्याला फसवतो. दरवर्षी पहिला फटाका मीच फोडते. गेल्या वर्षी आर्सेनिओला त्याची भट्टी पेटल्याचं सांगून चर्चमधून पळवलं होतं.

मी म्हटलं, थट्टा नाही, खरं सांगतेय. तर आणखी टाळ्या.

घरी आले. कोट न काढता बसून होते.

३० डिसेंबर, रविवार

अब्रू गेली तर गेली. फिलिबेर्तोच्या दुकानात.

म्हटलं, ती लांबची बाई म्हणजे मीच. म्हणाला, "अरे देवा, मला वाटलं खरंच कुणी तरी आहे." खुर्ची पुढे केली. म्हटलं, पासवर्ड मी टाइप करते, तुम्ही तिकडे बघा. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला, सभ्य माणूस. पण त्याच्या मेल्या कीबोर्डावरची अक्षरं पुसून गेलीत, आणि मी तर अक्षर शोधल्याशिवाय बोट ठेवत नाही. चार वेळा चुकलं. शेवटी म्हणाला, "डोन्या डोमितिला, आणखी एकदा चुकलं तर कुलूप लागेल. सांगा, मी मारतो. तारमास्तर होतो मी, गावाची सगळी गुपितं या बोटांतून गेलीत."

सांगितला. जमिनीकडे बघून.

त्याने बोटं कीबोर्डावर ठेवली. "सगळं छोट्या अक्षरांत?" हो. "मधे जागा?" नाही. टाइप केला, बटण दाबलं. मग म्हणाला, "टकलू ठीक आहे. पण निदान 'डॉन' लावायला हवं होतं."

बेचाळिसावं पत्र निघालं माझंच. डोमितिलाकडून डोमितिलाला. चौदा बाहुल्यांचे फोटो, पोचले की नाही ते कळायला टाकलेली प्रत. महिनाभर मीच माझ्या दारात आडवी पडून होते आणि मीच बाहेरून दार वाजवत होते. त्याने एका बोटाने उडवलं. मागून एकवीस पत्रं सुरसुर आत आली. मग तो म्हणाला, मला जरा केळी आणायचीत, आणि दुकान माझ्यावर सोडून गेला.

आर्सेनिओ, सव्वीस नोव्हेंबर: "डोन्या डोमितिला, कमिटीने एकमताने ठरवलंय, यंदाचं जुनं वर्ष तुम्हीच व्हायचं. बाहुली तुमची. आळीत हा मान अजून कुणा बाईला मिळालेला नाही. पण स्वतःचं मृत्युपत्र स्वतः लिहिलं तर गंमत नाही, म्हणून यंदा सोइला लिहील. चौदा वर्षं तुम्ही खपलात. आता आराम करा, पुढच्या वर्षापासूनही तिलाच लिहू द्या. ती म्हणते, डोमितिला स्वतः हो म्हणाली तरच. तुमचा जुना घागरा, टोपी हवी. बोभाटा नको म्हणून तोंडी विचारत नाही."

आणि सोइलाची तेरा, याच दुकानात बसून लिहिलेली.

"कोमाद्रे, तू हो म्हणालीस! मी स्वयंपाकघरात नाचले. तुला कधी सांगितलं नाही, पण मला पहिल्यापासून लिहावंसं वाटायचं."

"कोमाद्रे, या ओळी बघ. डोमितिला आमची चांगली आहे आणि ती विनोदी पण आहे, आणि तिचं मांजर सुद्धा पांढरं आहे. कुठे तरी लंगडतंय ना?"

"कोमाद्रे, उत्तर दे गं. मांजर काढू का?"

"थट्टा पुरे. खिडकी काय लावतेस? मला खरंच जमत नाहीये."

सगळी वाचली. आराम करा म्हणे. म्हणजे दगा झाला तो झालाच, फक्त हार घालून झाला. आणि हारात मान मी आपण होऊन घातली, "पुढच्या दहा वर्षांचं मान्य" म्हणून.

उद्या सांगणार. सगळ्यांसमोर, एकही गमतीचा शब्द न वापरता. बाहुली जाळा, मान द्या, काय हवं ते करा. लिहिणं माझं आहे. ते दिलेलं नाही, देणार नाही.

३१ डिसेंबर, सोमवार. दुपारी चार

कोपऱ्यावर बसलेय मी. माझा घागरा, माझी टोपी, फ्रेमला दोरी बांधून नाकावर. मांडीवर पुठ्ठ्याचा कॉम्प्युटर. पोट जरा जास्तच भरलंय भुशाने. शेजारी तीन मिशाळ विधवा येणाऱ्याजाणाऱ्याला अडवून नाणी मागतायत, "आमची डोमितिला गेली हो!"

मी आरशासमोर सहा वेळा म्हणून बघितलं. चेहरा गंभीर राहतो. आज कॅलेंडरही माझ्या बाजूने आहे. भोळ्यांचा दिवस होऊन तीन दिवस झाले.

१ जानेवारी, मंगळवार

सोइलाने वाचलं. मांजर काढलं नव्हतं. ओळी लंगडत होत्या, पण लोक गोड मानून घेत होते. शेवटी वाचलं, "आणि माझी लेखणी मी कोमाद्रे सोइलाला ठेवते." तिथे मी उठले.

म्हटलं, थांबा. ऐका सगळे. मला पत्र मिळालंच नव्हतं. माझा कॉम्प्युटर बंद पडला होता आणि मी लाजेने सांगितलं नाही. मी लेखणी कुणालाही दिलेली नाही.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मला वाटलं, जमलं.

मग एक मिशाळ विधवा किंचाळली, "अगं बाई! मेलेली उठून मृत्युपत्र बदलतेय!"

आळी फुटली. लोक एकमेकांच्या अंगावर पडत होते. मी ओरडले, देवाशपथ खरं सांगतेय! तेव्हा तर फिलिबेर्तोही टोपीत तोंड लपवून हलायला लागला, आणि त्याला तर सगळं माहीत होतं. आर्सेनिओने डोळे पुसत पुसत काडी ओढली. चौदा वर्षांत एवढं कुणी हसलं नव्हतं. माझ्या एकाही ओळीला नाही.

सकाळी कोपऱ्यावर गेले. सोइला एकटीच राख झाडत होती. मी दुसरा झाडू घेतला. बराच वेळ दोघी झाडत राहिलो. मग म्हणाली, "वाईट झालं ना गं माझं?" म्हटलं, मांजर काढायला हवं होतंस. म्हणाली, "विचारलं होतं. तू उत्तर दिलं नाहीस."

तेव्हा मी म्हटलं, सोइला, काल मी थट्टा करत नव्हते.

तिने बघितलं माझ्याकडे. महिन्याभरात पहिल्यांदा कुणी नीट बघितलं. झाडू थांबला. "म्हणजे तू हो म्हटलंच नव्हतंस?" हसली नाही. हनुवटी हलली फक्त. मग झाडू भिंतीला टेकवला, हात पदराला पुसायला लागली. बोटांना अजून शाई होती. म्हणाली, "मी आत्ता जाते आर्सेनिओकडे. सांगते की लेखणी तुझी आहे. मला काय, मी चार ओळी लिहिल्या, पुरे झालं." आणि निघाली. खरंच निघाली.

दहा पावलं गेली असेल. मागून तिची वेणी दिसत होती. तीस वर्षं बघतेय ती वेणी.

मी हाक मारली. म्हटलं, अगं वेडे, फसलीस!

ती वळली. क्षणभर काही ठरेना तिचं. मग हसायला लागली, हसता हसता राखेतच बसली.

चौदा वर्षांत इतकी भिकार थट्टा मी केली नव्हती.